रीळ नंतर घ्या, आधी बेअरिंग बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे पकडण्याच्या हौसेवर लेख आला होता. फोटो झकास होते. पण लेखात रॉड, रीळ (दोऱ्याची चरखी) आणि लूअर (खोटं आमिष) यांच्या कंपन्या नि किमतीच जास्त. होडीबद्दल दोन ओळी, ट्रेलरबद्दल एकही नाही आणि भरती-ओहोटीचं तर नावच नाही. माझं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. धंदा रेलिंग, टाक्या आणि मशिनच्या स्टँडचा. पण राहायला ऐरोलीच्या दिवा गावात, त्यामुळे होड्यांची डागडुजी हळूहळू गळ्यात पडली, आणि आता पाऊस ओसरला की हौशी मंडळींचे ट्रेलर दाराशी लागतात. सगळे ही हौस वरून बघतात, मला ती खालून, ॲक्सलच्या बाजूने दिसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

सांगायचं थोडक्यात असं, की हातात वीस हजार रुपये असतील तर ते रिळावर घालू नका. आपल्या ठाणे खाडीत माणसाची दैना करतात ते दोघे, खारं पाणी आणि गाळ. मासा न लागल्याने कुणाचं काही बिघडत नाही. लोक शिकतात ते व्हिडिओ बघून, आणि ते व्हिडिओ असतात गोड्या तळ्यातले किंवा तळ दिसेल अशा निळ्या समुद्रातले. त्यातलं निम्मं ज्ञान वाशीच्या पुलाखाली गाळात जातं.

ट्रेलरपासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच सगळ्यात जास्त होतं आणि लक्ष सगळ्यात कमी असतं. आपल्याकडे बोटीचा ट्रेलर बहुतेक जण कुणाकडून तरी बनवूनच घेतात. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा चौकोनी पाइप, त्यावर रेडऑक्साइड, वर निळा ऑइलपेंट. नवा असताना दिसतो छान. पण खाऱ्या पाण्यात बुडणारा पाइप बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो. वेल्डिंगच्या बारीक फटीतून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि वरचा रंग शाबूत असताना पाइप एक दिवस स्पीडब्रेकरवर मोडतो. बनवून घेत असाल तर पाइपऐवजी उघडा सी-चॅनल घ्या, तो आतून-बाहेरून धुता येतो. आणि पैसे असतील तर सगळं वेल्डिंग, सगळी भोकं मारून झाल्यावर हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा, करून घ्या. आधी गॅल्वनाइज आणि मग वेल्डिंग केलं तर ज्या जागी जस्त हवं तिथलंच जळून जातं. पाइपचाच ट्रेलर असेल तर त्याला हवा-पाणी जायला भोकं ठेवावीच लागतात. टोकं बंद केलेला पाइप साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवला तर आतल्या हवेने फुटतो, त्यामुळे गॅल्वनायझिंगवाला तो हातात घेत नाही. नटबोल्ट स्टेनलेसचे घालता तर ३१६ ग्रेडचे मागा. ३०४ला आपल्या खाडीत एका हंगामात तपकिरी ठिपके पडतात.

आता बेअरिंग. माझ्याकडे आलेला ट्रेलर मी जॅकवर उचलतो आणि चाक हाताने फिरवतो. घर्रर्र असा आवाज आला की हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, उघडायचा. झाकण काढल्यावर आत पिवळट-तपकिरी ग्रीस दिसायला हवं, त्याऐवजी बऱ्याचदा दह्यासारखा पांढरा लोळा निघतो. तो पाण्यात घुसळलेलं ग्रीस असतो. तो पुसला की बेअरिंगच्या रोलरवर गंजाच्या आडव्या रेघा, आतल्या कड्यावर तशाच रेघा, आणि सील बोटाने दाबलं तर कडक झालेलं. मालक म्हणतो, गेल्याच वर्षी ग्रीस भरलं होतं. भरलं असेलही. पण ठाण्याहून बेलापूरपर्यंत गाडी हाणत आणली की हब तापतो, आतली हवा प्रसरण पावते. तसाच गरम हब तुम्ही खाडीच्या गार पाण्यात घातलात की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढून घेते. एकदा घरी नेऊन महिनाभर उभा ठेवला की काम तमाम. म्हणून जेट्टीवर पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात लोटू नका. हबवर तळहात ठेवून बघा. गरम लागत असेल तर चहा घ्या, रॉड जोडा, सामान होडीत चढवा. अर्धा तास तसाही त्यात जातो. तेवढ्यात दिव्यांचा प्लग गाडीपासून काढून ठेवा, म्हणजे बल्बही उडणार नाहीत.

हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार यायला हवा. घरातला वजनकाटा पुढच्या टोकाखाली ठेवला की कळतं. भार कमी असेल तर ट्रेलर मागून डुलायला लागतो, आणि घणसोलीच्या उड्डाणपुलावरून उतरताना तो डुलला की ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा. कारण नेहमीचंच: इंजिन मागे, बॅटरी मागे, पेट्रोलचा कॅन मागे आणि बर्फाची पेटीही मागेच ढकललेली. पेटी आणि कॅन पुढे आणा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. विंचचा (होडी ओढायच्या चरखीचा) पट्टा होडीला ट्रेलरवर धरून ठेवतो असं पुष्कळांना वाटतं. तो फक्त वर ओढायला असतो. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना वेगळे रॅचेट बेल्ट हवेत, आणि हिचखाली दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून लावलेल्या, म्हणजे हिच निसटलाच तर टोक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. आणि हो, मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची आरटीओत नोंदणी लागते. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू कायदा मीच केला.

होडी पाण्यात जाण्याआधी बूच. हसू नका. मागच्या बाजूचं पाणी काढायचं बूच न लावता होडी लोटणारे दर हंगामात भेटतात. यावर उपाय फुकटचा आहे: घरी बूच काढलंत की ते दोरीने इंजिनाच्या किल्लीला बांधा. किल्ली हातात घेतली की बूच हातात येतं.

आता भरती-ओहोटी. आमच्या घरात घड्याळापेक्षा तिथीवर काम चालायचं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. हा हिशोब मुंबई बंदराकडचा, खाडीत जितकं आत कळव्याच्या दिशेने जाल तितकी वेळ पुढे सरकते. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरतीच्या कोष्टकात बघावी, पण कोष्टक विसरलात तरी तिथी कुणी काढून घेत नाही.

याहून महत्त्वाचं आहे ते पाणी उतरतं कसं. सहा तासांत ते सारखं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती आणि ओहोटीत साडेचार-पावणेपाच मीटरचा फरक पडू शकतो. म्हणजे तिसऱ्या तासात, बोलता बोलता, कमरेएवढं पाणी तुमच्या होडीखालून निघून जातं. पहिल्या दोन तासांत काही वाटत नाही, माणूस निवांत असतो, आणि मग बघता बघता खारफुटीची मुळं उघडी पडतात, जेट्टीच्या उतारापुढे नुसता काळा गाळ उरतो, आणि ट्रेलर वर उभा तर होडी शंभर फूट खाली. पुढची भरती येईपर्यंत उन्हात बसण्यावाचून इलाज नाही.

अशा वेळी होडीतून उतरून ढकलायला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. गाळ वरून घट्ट दिसतो, मांडीपर्यंत गिळतो, आणि आत कालवांची टरफलं ब्लेडसारखी उभी असतात. होडीतच थांबा. जाळीवाले गाळात जातात ते फळीवर भार टाकून, आणि त्यांना कुठला चिखल कसा आहे ते पिढ्यान् पिढ्या माहीत असतं. एक लांब फळी होडीत असू द्या, प्यायचं पाणी दुप्पट घ्या आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२, हे दोन नंबर फोनमध्ये नुसते साठवू नका, होडीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. दुसऱ्याच्या हातात फोन असू शकतो.

इथे एक पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जिताडा हा खाडीतला शिकारी मासा लागण्याची उत्तम वेळ म्हणजे सुकती, अर्थात ओहोटी, सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास. खारफुटीत चढलेली कोळंबी आणि बोईट माशाची पिल्लं त्या वेळी छोट्या नळ्यांतून, म्हणजे ओहळांतून, खाली उतरतात आणि जिताडा तोंडाशी टपून असतो. म्हणजे मासा लागायची वेळ तीच आणि होडी उतारावर परत आणायची वेळही तीच. अनुभवी माणूस मोठ्या पात्राच्या कडेला राहतो, जिथे ओहोटीलाही पाणी असतं, आणि पुढच्या भरतीवर परततो. नवख्याने तसं करू नये. त्याने भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे दिवस धरावेत, अष्टमी ते दशमी. फरक दीड-दोन मीटरचा, ओढ कमी, पाणी जरा निवळ. मासा कदाचित कमी लागेल. पण कोळी तिथी बघून निघतो आणि हौशी माणूस रविवार बघून, तिथेच सगळं अडतं. उधाणाचा रविवार आला तर सरळ भरतीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात ट्रेलरवर या.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर मेकॅनिक बोलतील. माझ्या बाकावर येतं तेवढंच सांगतो. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवा. उथळ पाण्यात पंखा गाळ ढवळतो, इंजिन तो गाळ ओढतं आणि धार बारीक होत बंद पडते. लगेच इंजिन बंद करून वर उचला. घरी आल्यावर निळ्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गोडं पाणी भरून त्यात दहा मिनिटं चालवा, कोरडं एक क्षणही नको, आतला पाणी खेचणारा रबरी इंपेलर जळतो. गिअर ऑइल दुधाळ झालेलं दिसलं तर पंखा काढून मागे बघा. तिथे नेहमी एकच चोर सापडतो, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. कुणीतरी तोडून खाडीत फेकलेला, पंख्याच्या दांड्याला गुंडाळून गुंडाळून सीलमध्ये शिरलेला. इंजिनाखालचा जस्ताचा ठोकळा गंजू नये म्हणून काही जण त्यावर रंग मारतात. अहो, तो गंजायलाच बसवलाय. तो झिजतो म्हणून इंजिन वाचतं. किल स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला, आणि लाइफ जॅकेट अंगात. बुडाखाली उशी म्हणून घेतलेलं जॅकेट आपल्याआधी तरंगत निघून जातं.

नांगर चार काट्यांचा घेऊ नका. तो खडकाचा. आपल्या गाळात तो लोण्यातून जावा तसा सरकतो. रुंद पाती असलेला नांगर, त्याला दोनेक मीटर साखळी, आणि पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोर. आणि नांगर टाकायचा तो नाळेवरूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरूनच. मागून टाकला तर ओहोटीच्या ओढीत पाणी थेट इंजिनाच्या बाजूने आत येतं. पुलांच्या खांबांना होडी बांधणाऱ्यांना मी काय सांगू? तांब मासा तिथे असतो, कबूल. पण खांबाला अडकलेली होडी ओढीने आडवी झाली की ती सरळ करणं कुणाच्या बापाला जमत नाही.

आता राहिला गळ, ज्याने आपली पुरवणी भरली होती. सात फुटी रॉड, चार हजार साइजचं साधं रीळ, तीस पौंड ताण सोसणारा वेणीचा दोरा आणि पुढे मीटरभर चाळीस-पन्नास पौंडाचा जाड तंगूस. पुढचा तंगूस हवाच, जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, बारीक दोरा ती एका झटक्यात कापते. आणि त्याच कारणाने कल्ल्यात बोटं घालून फोटो काढू नका. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. ड्रॅग, म्हणजे ताण आला की दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, जास्त आवळलात तर मासाही जातो आणि गळही. घरी आल्यावर रीळ नळाच्या हलक्या धारेखाली धुवायचं, गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने नाही. त्या फवाऱ्याने मीठ आत जातं. धुताना ड्रॅग आवळलेला, ठेवताना सैल. झालं, एवढंच. वीस हजारांचं रीळ न धुता ठेवलं तर दोन हजारांच्या रिळाइतकंच टिकतं.

शिंगाळा मासा लागला तर मात्र सावध. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. मासा पायाने दाबू नका, पकडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरा, वेदना उतरते. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. गाळातली जखम घरगुती हळदीवर सोडू नये.

जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला भला मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तो सोडा, मधल्या आकाराचा घरी न्या, खायलाही तोच गोड. वाशीच्या वर मिळालेला मासा मुळात खावा का, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

जाण्याआधी जागा कोणती ते बघा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५पासून. २०२२मध्ये ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, झालं. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ घेऊन जाऊ नये. इतरत्र पाण्यात उभे खुंट किंवा तरंगते डबे दिसले तर तिथे जाळं आहे असं समजा, इंजिन वर घ्या आणि वल्ह्याने लांबून जा. तुमची रविवारची मजा असते, जाळं मात्र कुणाच्या तरी घरचा महिना असतो. मोटर लावलेल्या होडीच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी चौकशी करा, आणि पावसाळी बंदीच्या दिवसांत होडी गाळ्यातच राहू द्या. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. तो इंजिनाच्या सीलमध्ये जातो तसाच पक्ष्यांच्या पायातही जातो.

दोन मागण्या करून थांबतो. पहिली महापालिकेकडे: जेट्टीवर दिवे, बाकं, सेल्फी पॉइंट सगळं होतं, तसा गोड्या पाण्याचा एक नळ द्यावा. होडी, ट्रेलर, जाळी, सगळं तिथेच धुता येईल, आणि याचा फायदा आमच्या कोळीवाड्यांना हौशी लोकांहून जास्त होईल. त्याच्या शेजारी उताराच्या खांबावर मीटरच्या खुणा रंगवाव्यात, म्हणजे पाणी किती उतरलं ते लांबूनही कळेल. दुसरी आपल्याकडे: बरीच पत्रं मोठ्या उधाणाच्या दिवसांत तेवढी भरतीची वेळ छापतात. आपण रोजच्या पंचांगाशेजारी भरती आणि ओहोटी दोन्हींची वेळ, उंचीसकट, छापावी. माणूस अडकतो तो ओहोटीला. आकड्यांचा छोटा चौकोन आहे, जागा फार जाणार नाही.

आपला,
एक वर्कशॉपवाला
दिवा गाव, ऐरोली, नवी मुंबई